बुडावरचे हिरवे पट्टे

वल्लरी,

चहा गाळून ठेवलाय, तेवढा गरम करून घे. मी माधवनगरला त्या जुन्या सामानाच्या दुकानात चाललोय. तुला उठवलं नाही, कारण हे समोरासमोर सांगायला जीभ रेटली नसती.

परवा तिथून चिनीमातीची एक बरणी आणली, तुला दाखवली नाही. कारखान्याचा ठप्पा नव्हता. पण वजन, टिचकीचा खणखणीत आवाज आणि बुडाची खरबरीत कड यांवरून जुनी वाटली. बुडावर दोन हिरवे पट्टे होते. त्यांच्याखाली ठप्पा दडला असेल म्हणून मी ते थिनरने घासून काढले. खाली काहीच निघालं नाही.

काल तुझ्या बहिणीला, अबोलीला, घासण्याआधीचा फोटो शेखी मिरवायला पाठवला. तिचा लगेच फोन! "दाजी, अहो हे आईचे पट्टे! शेजारी लोणच्याला दिलेली बरणी ओळखू यावी म्हणून ती खिडकीच्या रंगाने ओढायची."

तुझ्या आईचं तासगावचं घर रिकामं करताना तू दोनच बरण्या मागत होतीस. "फ्लॅटमध्ये जागा कुठाय?" म्हणत मीच त्या भंगाराच्या टेम्पोत चढवल्या.

दुकानदार म्हणाला होता, हिच्या जोडीची एक मागे पडलीय. कुणी नेली नसेल तर तिचे पट्टे तरी शाबूत असतील.

ही ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवलीय. जागा फार लागली नाही.

सुमंत