टाकी कधी सोडायची

१९ सप्टेंबर
आजही नाही! सकाळी शिडीवर चढून टाकीत डोकावले. द्राक्षांचे अख्खे घड स्वतःच्याच रसात बुडालेत, पिकल्या चेरीचा नुसता घमघमाट. आजच टाकीची तोटी सोडून रस वेगळा करायचा — यात विचारायचंय काय? पण पिताश्रींनी पेल्यात नाक खुपसलं, बराच वेळ तसंच ठेवलं, आणि म्हणाले, "वासच नाही याला. थांब अजून."

वासच नाही! मला दारातून येतो आणि यांना नाकाखाली येत नाही!

आमच्या घरात टाकी कधी सोडायची ते एकच नाक ठरवतं. आधी आजोबांचं, आता बाबांचं. मी चाळिशीला आले तरी माझं नाक आपलं शिंकरायला!

२० सप्टेंबर
"थांब." बास, एवढंच.

२१ सप्टेंबर
शेजारच्या शिरूब्लहून लेओन्समामा आला. त्याची टाकी कधीच सुटली. त्यांच्याकडची वाइन हलकी, ईस्टरला फस्त. आमच्या मोर्गों गावची गडद, वर्षानुवर्षं टिकणारी — मान्य! पण म्हणून किती ताणायचं? मामा म्हणतो कसा, "क्लोतिल्द, यंदा तुमची वाइन प्यायची का चावायची?" बाबा हसलेसुद्धा नाहीत. मला तर रडूच येत होतं. टेकडीवरच्या जुन्या वेलींची वाइन यंदा पहिल्यांदा माझ्या नावाने बाटलीत जायचीय. देठांचा कडूपणा रसात उतरला की संपलं सगळं.

२२ सप्टेंबर
दूध करपलं. मी अंगणात होते, तिथवर वास आला! बाबा शेगडीशेजारी बसून पेपर वाचतायत. ओरडले तर म्हणे, "करपलं होय?" या माणसाचं लक्ष असतं तरी कुठे!

संध्याकाळी पुन्हा "थांब". मग मात्र माझा ताबा सुटला. "माझं नाव बाटलीवर नको असेल तर सरळ सांगा ना!" वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. पण ते टोपी घेऊन बाहेर गेले.

२३ सप्टेंबर
सकाळी टाकीपाशी उभे होते. पेला माझ्या हातात दिला.

"तू सांग, कसला वास येतोय. थंडीतल्या तापापासून मला कशाचाच येत नाही, पोरी."

चेरी, म्हटलं. मागून जरासे देठ.

"मग सोड आजच."

सोडली. दिवसभर रडतेय.