खालच्या रिकाम्या खुंट्या

४ नोव्हेंबर, रविवार

नाही म्हणाला कोबी! पुन्हा!

"फ्रेनी, ती रायफल भिंतीवर टांगायला नाही. एर्न्स्टला हेच सांगायचो, तुलाही सांगतो." आणि मी भाजलेला वेणीपाव खात बसला, वर लोणी मागून!

आमच्या भिंतीवर माझ्या नवऱ्याच्या, एर्न्स्टच्या, सगळ्या जुन्या स्विस लष्करी रायफली. मधोमध त्याची स्वतःची, सैन्यातून सुटताना घरी आणलेली. तिच्याखाली दोन खुंट्या रिकाम्या – त्याच्या सैन्यातल्या मित्राच्या, कोबीच्या, रायफलीसाठी. भरतीच्या दिवशी दोघे रांगेत शेजारी उभे होते, म्हणून रायफलींचे नंबर लागोपाठचे. ही जोडी जमवायचीच, हा एर्न्स्टचा हट्ट. दर रविवारी मागायला जायचा. खुंट्या रिकाम्या ठेवूनच वारला; आता रविवारी मी जाते.

७ नोव्हेंबर

सगळ्या रायफली पुसल्या, तेल दिलं. त्या खुंट्यांवर टॉवेल टाकून पाहिला. काढला. एप्रन अडकवला. छे!

१० नोव्हेंबर

एर्न्स्टची रायफलींवरची पुस्तकं आता मीच वाचते. सैनिक बर्फात रायफली टेकवून ठेवायचे, खिळ्यांच्या बुटांच्या ठोकरा लागून दस्ता खाली कुरतडल्यासारखा व्हायचा. एर्न्स्टच्या रायफलीच्या दस्त्यावरून बोट फिरवलं. यातली एखादी ठोकर कोबीचीच असणार.

११ नोव्हेंबर, रविवार

भांडले. "मेलेल्या माणसाची एवढीशी इच्छा! काय करतोस रे तू तिचं? कपाटातून काढतोस तरी कधी?"

तो कॉफी ढवळत राहिला. मग म्हणाला, "दिली असती, तर आला असता का तो दर रविवारी?"

कप विसळले आणि आले.

१४ नोव्हेंबर

आठवतंय – एर्न्स्ट कोबीकडून कधीच चिडून आला नाही. "नाही म्हणाला," एवढं सांगायचा आणि शीळ घालत बूट काढायचा.

१८ नोव्हेंबर, रविवार

गेले, पण रायफलीचं नाव काढलं नाही. पत्ते खेळलो. कोबीचं लक्ष नव्हतं. निघताना म्हणाला, "विचारायचं राहिलं तुझं."

"आता नाही विचारणार."

त्याचा चेहरा उतरला.

२१ नोव्हेंबर

कोबी दारात, रायफल खांद्यावर! सरळ आत गेला, स्वतःच्या हातांनी खुंट्यांवर ठेवली. रायफल माझ्या नावावर करायच्या कागदावर सह्या केल्या. "घे. झाली एकदाची तुमची जोडी." कॉफीलाही थांबला नाही.

दिवसभर या खोलीतून त्या खोलीत. एर्न्स्ट, झालं ना तुझ्या मनासारखं? मग मला बसवत का नाही? आता रविवारी कुठे जाऊ?

२५ नोव्हेंबर, रविवार

दार वाजलं. कोबी, टोपी हातात, दाढी केलेली.

"बाई, ती खालची रायफल विकायची आहे का?"

"मुळीच नाही. बूट पूस आणि आत ये."