जमवलेले मैल

मनीषनगर, नागपूर
नोव्हेंबर १९८८

प्रिय मुकुंदा,

तुझी पत्रं पोचली आणि तिकिटाचं ते जाड पाकीटही पोचलं. रजिस्टर होतं म्हणून पोस्टमननं सही घेतली आणि अमेरिकेचा शिक्का पाहून फाटकाशी जरा जास्तच रेंगाळला. उत्तराला उशीर केला हे खरं. एकदा गुडघ्याचं कारण सांगितलं, एकदा घराला कुलूप लावून कसं यायचं ते, आणि मागच्या पत्रात तर मी तिकिटाचा विषयच टाळला. शेवटी तू जरा रागानंच लिहिलंस, की आई, मार्चअखेरपर्यंत वापरलं नाही तर तिकीट बाद होईल आणि एवढे जमवलेले मैल फुकट जातील, तू येणार की नाही ते एका शब्दात कळव. मला एका शब्दात कधी काही कळवता आलेलं नाही. म्हणून आज साधे कागद घेऊन बसले आहे, एअरोग्रामवर हे मावणार नाही.

आधी इथली हकीकत. आपल्या ओळीत आणखी दोन प्लॉटवर पाया खणलाय. बाकी पलीकडे अजून कापसाची पऱ्हाटीच आहे, सध्या बोंडं फुटली आहेत. बाबांनी हा प्लॉट घेतला तेव्हा मी म्हटलं होतं, इतक्या दूर कोण येणार आपल्याकडे. त्यावर ते म्हणाले होते, गाडीचा आवाज येतो ना, मग झालं. आता दोन आवाज येतात. एक रेल्वेच्या फाटकावरून जाणाऱ्या गाड्यांचा, दुसरा संध्याकाळी सोनेगावच्या विमानतळावर उतरणाऱ्या विमानाचा. ते इतक्या खालून जातं की वाळत घातलेली लुगडी हलतात असं मला वाटतं. शेजारची जिजाबाई रोज त्याला हात करते. तिचे यजमान चंपतराव टेलिफोन खात्यात आहेत, म्हणून त्यांच्याकडे फोन आहे आणि तुझे फोन तिथेच येतात. त्यामुळे तिला तू स्वतःच्या घरातला वाटतोस. तुझं विमान नागपूरला येत नाही, दिल्ली-मुंबईपर्यंतच येतं, हे मी तिला कितीदा सांगितलं. ती म्हणते, "येईन ना वं ते कधी तरी, चुकून."

तुझ्या मैलांचीही तिच्याकडे मोठी गंमत झाली. तुझं पत्र आलं की ती विचारते, काय लिहिलं पोरानं. मी सांगितलं, त्यानं मैल जमवलेत आणि त्यावर मला तिकीट मिळालंय. तिनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "काहून वं सिंधूताई, एवढा शिकला-सवरला अन् मैल जमा करून राहिला? आंघोळीले पाणी नाही का तिकडं?" तुला माहीतच आहे, इथे अर्धी बोली हिंदीची. तिच्या कानाला मैल म्हणजे अंगाचा मळ. मी इतकी हसले की ठसका लागला. मग तिला समजावून सांगितलं, की विमानानं जेवढं अंतर जावं तेवढे मैल कंपनी आपल्या नावावर लिहून ठेवते, आणि पुरेसे झाले की फुकट प्रवास देते. ती म्हणाली, "म्हणजे हिंडणाऱ्याले अजून हिंडायचंच बक्षीस. घरी राहणाऱ्याले काय देते मंग?" याचं उत्तर मी तुझ्यावर सोपवलं. तुला येत असेल तर कळव.

तुझ्या युक्त्या मात्र मी आवडीनं वाचते. सरळ जाण्याऐवजी मध्ये उतरून दुसरं विमान धरायचं, कारण अगदी छोट्या उड्डाणालाही ठरावीक मैल मिळतातच. हॉटेल विमान कंपनीच्या ओळखीचं घ्यायचं, भाड्याची मोटार त्यांच्याच भावकीतली घ्यायची, म्हणजे जमिनीवरही मैल वाढतात. सणासुदीला फुकटचं तिकीट चालत नाही, तेव्हा ते गर्दी नसलेल्या महिन्यासाठी राखायचं. आता तुला कंपनीचं सोनेरी कार्ड मिळालं, विमानतळावर वेगळ्या खोलीत बसून कॉफी मिळते. हे सगळं ऐकायला बाबा हवे होते. त्यांनी टेबलावर नकाशा पसरून तुला चार गोष्टी आणखी सांगितल्या असत्या.

कारण ही विद्या तू त्यांच्याकडूनच घेतलीस. बाबांना नोकरीत मिळणारा रेल्वेचा फुकट पास म्हणजे आपल्या घरचा सण होता. अजनीच्या ऑफिसातून पास घेऊन आले की ते टाइमटेबल उघडायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, याच्यात जास्तीत जास्त लांब कुठं जाता येतं? कुठं जावंसं वाटतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. त्यात वाईट हेतू नव्हता. मिळालेली गोष्ट पुरती वापरायची, एवढंच त्यांना कळे. ओखा आठवतं, गुजरातच्या टोकाचं? लांबचा रस्ता धरून, गाड्या बदलत गेलो, आणि रजा संपत आली म्हणून समुद्राशी जाऊन चहा प्यायलो अन् परतीच्या गाडीत बसलो. तू वाळूत पाय बुडवायला मागत होतास. ते म्हणाले, पुढच्या पासला. पुढच्या पासला जम्मू झालं. आपण स्टेशनं खूप पाहिली, गावं फार थोडी पाहिली.

आणि माझं माहेर राहून गेलं. उमरेडच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. तिथे एसटीच जाते, आणि एसटीवर पास चालत नाही. तिकीट काढून जायचं म्हटलं की बाबांना ते पैसे वाया घालवल्यासारखं वाटे. रामेश्वरम दोनदा पाहिलं, पण माझी बहीण गोपिका मात्र वर्षानुवर्षं दिसायची नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तेव्हा तक्रार सुचलीही नाही. पण अलीकडे, तू होनोलुलूला जाऊन आलास, लंडनला जाऊन आलास असं लिहिलंस, आणि खाली लिहिलंस की नागपूरचं जमत नाही कारण मुंबईच्या पुढे मैल चालत नाहीत, तेव्हा मला ती एसटी आठवली. राग आला नाही रे. फक्त आठवली.

तू शेवटचा आलास तो बाबा गेले तेव्हा. वैजयंतीही आली होती. सुनेनं सासूला नव्हे, लहान मुलाला भरवावं तसं तिनं मला चार घास खायला लावले होते, ते मी विसरले नाही. ती तुझ्या पत्राच्या खाली, कोपऱ्यात, तिरप्या अक्षरात दोन ओळी लिहायची. माझ्या लोणच्याची चौकशी, कुंडीतल्या मोगऱ्याची चौकशी. गेल्या वर्षीपासून तो कोपरा कोरा येतो. मी आधी म्हटलं, नोकरी, दगदग. मग म्हटलं, कागद पुरत नसेल. माणूस काय काय म्हणून घेतं. फोनवरही तू एकटाच असतोस, आणि मागे नेहमी कुणी बाई स्टेशनावर देतात तशी कसलीशी सूचना देत असते. जिजाबाईनं परवा रिसीव्हर ठेवताना विचारलं, "हा घरून कधीच काहून नाही करत फोन? घरी फोन नाही का?" मी म्हटलं, त्याला वेळ तिथेच मिळतो. ती म्हणाली, "हो का," आणि मुकाट्यानं मला चहा करून दिला. जिजाबाई मुकाट्यानं काही करते तेव्हा मला भीती वाटते.

आता ते पत्र, ज्यामुळे मी आज लिहायला बसले. तू मोठ्या गमतीनं लिहिलंस, की कार्ड टिकवायला थोडे मैल कमी पडत होते, म्हणून शनिवारी सकाळी निघालो, दोन ठिकाणी विमान बदलून पार दुसऱ्या टोकाला गेलो, विमानतळावरच सँडविच खाल्लं, बाहेरची हवाही घेतली नाही, आणि त्याच विमानानं परत आलो. पुढे लिहिलंस की हे आता महिन्यातून दोनदा तरी करतो. चंपतराव हे ऐकून म्हणाले, "वा गा, डोकं आहे पोराचं." जिजाबाईला ते पटलं नाही. ती म्हणाली, "उतरलाच नाही मंग गेला काहून?" मी पत्राची घडी घातली. घरी येऊन ते पत्र पुन्हा वाचलं आणि डाळ शिजत ठेवायची विसरले.

तुला एक सांगते, जे कुणालाच सांगितलं नाही. बाबांच्या मागे मलाही एक पास मिळतो. विधवेचा पास. उन्हाळ्यात तो तसाच पडून होता. एका रविवारी सकाळी डबा भरला, कुलूप लावलं आणि इटारसीला गेले. तिथे आपलं कुणी नाही, हे तुला माहीत आहे. पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर बसून भाकरी खाल्ली. फलाट झाडणारी एक बाई आली, तिनं दोनदा माझ्याभोवती झाडलं, मग झाडू टेकवून विचारलं, "किसको लेने आई हो, अम्मा?" मी म्हटलं, किसी को नहीं, पास था. ती हसली, "पास था तो आ गईं?" हसत हसतच तिनं माझा पाण्याचा तांब्या भरून आणून दिला. परतीच्या गाडीनं मी नागपूरला आले. जिजाबाईला सांगितलं, इथेच धरमपेठेत ओळखीच्यांकडे गेले होते.

पास वाया जाईल म्हणून गेले, असं मी स्वतःला सांगितलं होतं. तसं नव्हतं. घरात रविवार होता म्हणून गेले. गाडीत बरं वाटतं. समोर कुणी बसलेलं असतं, कुणी विचारतं कुठं उतरणार, आणि आपण कुठं तरी निघालो आहोत असा भास होतो. वाईट वाटतं ते परत आल्यावर. कुलूप आपण जसं लावलेलं असतं तसंच असतं, आतला पेला जिथे ठेवलेला तिथेच असतो. त्यानंतर मी आणखी दोन वेळा तशी गेले, पासावर नाही, साधं तिकीट काढून, वर्ध्यापर्यंत. म्हणून तुझा शनिवार मला कळला, मुकुंदा. चंपतरावांना नाही कळायचा, त्यांच्या घरी माणसं आहेत.

तू लिहितोस की मैल दोघांच्या तिकिटांपुरते झाले, दोन्ही तिकिटं तुझीच, सोबत कुणाला तरी आण. जिजाबाई एका पायावर तयार आहे. "मले न्या ना वं, मी तिथं भांडे घासीन," म्हणते. पण गेल्या वर्षी तूच कळवलं होतंस, की दोघांपुरते मैल झाले की तू आणि वैजयंती मिळून नागपूरला यायचं ठरवलंय, मुंबईपुढचं तिकीट विकत काढून. ती दोन्ही तिकिटं तू आता मला देऊन टाकलीस. फोनवर तिच्याबद्दल विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, ती कामात आहे, आणि मागच्या सूचनेचं निमित्त करून फोन ठेवला असतास. म्हणून विचारलं नाही आणि आताही विचारत नाही. कोण चुकलं, कोण गेलं, हे मला या पत्राच्या उत्तरात नको. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा मी समोर असेन.

कारण मी येते आहे. गुडघा बरा आहे, कुलूप जिजाबाई सांभाळेल, मोगऱ्याला पाणीही तीच घालेल. जानेवारीतली तारीख धर, तेव्हा फुकटचं तिकीट चालतं असं तूच लिहिलं आहेस. दुसरं तिकीट मात्र वाया जाऊ दे. आपल्या घरात हे कुणी कधी म्हटलं नाही, मीच पहिल्यांदा म्हणते. माझ्यासाठी धबधबे, पुतळे, लांबची शहरं काही ठरवू नकोस, मी आयुष्यभर पुरेशी स्टेशनं पाहिली. मला फक्त तुझं घर बघायचं आहे. कामाला जायचं तिथे जा, पण शनिवारी घरी राहा, आणि तू परत येशील तेव्हा कुलूप तुला उघडावं लागणार नाही. यंदाची दिवाळी तुझी तिकडे कुठल्या तरी विमानतळावर गेली, हे फोनवर मी ऐकलंच. म्हणून उटण्याची पुडी आणि तिळाचं तेल सामानात आधीच ठेवलं आहे. जिजाबाई मैलांबद्दल म्हणाली ते अगदीच चुकीचं नव्हतं. पाटावर बस, तिकडे पाट नसेल तर जमिनीवर बस. पाठ चोळून देते, इतक्या वर्षांचा जमवलेला मैल थोडा तरी निघतो का ते पाहू.

वाट बघ. यावेळी येणारी मी आहे.

तुझीच,
आई