बाटली फेकू नकोस

सारिका,

मी नशिराबादला भावाकडे चालले आहे. तिथे काम काही नाही, पण आज मला घरात बसवणार नाही.

काल तुझ्या फिटच्या गोळ्या आणायला गेले, बाटलीचा विषय निघाला, तर डॉक्टर माझ्यावरच चिडले. म्हणाले, बाळाला बाटली कशाला? या गोळ्या चालू असल्या तरी आईने अंगावर पाजायला हरकत नाही, फक्त गोळी चुकवायची नाही. सासूबाई 'औषध दूधमा उतरस' म्हणाल्या आणि आपण दोघी जावांनी ऐकलं. मी जरा जास्तच खुशीने ऐकलं.

कालच सांगणार होते. पण बाळ माझ्या मांडीवर होता, आणि तुझा उजळलेला चेहरा मला बघवला नसता. दिवस तुला गेले, कौतुक तुझं झालं, पदर तुझा भिजतो. माझ्याकडे बाटली तेवढी होती. ती दिसली की तो माझ्याकडे बघून पाय झाडतो, तुझ्याकडे बघून नाही.

खाली गादीवर भिंतीला टेकून बस, सासूबाईंना शेजारी बसव, मग पाज. आधी तो तोंड फिरवेल, रडेल. ऐकायला मी नाही तेच बरं, मला आनंद झाला असता. तू पुन्हा अंगाला लाव.

आणि बाटली फेकू नकोस. तुझी झोप मोडली की फिट येऊ शकते, म्हणून रात्री दुसऱ्या कोणीतरी उठायचं, असंही डॉक्टर म्हणाले. संध्याकाळी येतेच मी. रात्रीचा तो माझा.

अक्का