सकाळचा पहिला फोटो

३ मार्च, सोमवार
मशीन पुन्हा रुसलंय! सकाळचा पहिला फोटो नेहमीप्रमाणे माझ्याच डोळ्याचा — पेशंट बसवण्याआधी मशीन तपासायला. स्क्रीनवर सगळं धुकट. डोळ्याच्या आतल्या शिरा दिसतात न दिसतात. काच दोनदा पुसली. तेच! ओपीडी सुरू होईपर्यंत मात्र पठ्ठं तापतं आणि पेशंटांचे फोटो लख्ख येतात. म्हातारं झालंय बिचारं.

५ मार्च
धुकटच. इंजिनिअरला कळवलं. तो पंधरवड्याने उगवणार म्हणे!

१० मार्च
ताई आली होती. तिच्या डोळ्याच्या आत सूज येते. वरून डोळा ठणठणीत, दुखत नाही, खुपत नाही — हीच त्या आजाराची लबाडी. वर्षभर आम्ही फोटोंवरूनच त्याच्यावर पाळत ठेवून आहोत. हलगर्जीपणा झाला तर नजर जायची. आणि ती चालवते शाळेची बस! मुलं सोडली की थेट इकडे, ओपीडी उघडायच्या आधीच.

सुजेवरच्या गोळ्यांनी तिचा चेहरा गरगरीत झालाय. भाऊजी तिला 'पौर्णिमा' म्हणतात. "मॅडम, कमी करा हो गोळ्या!" ती डॉक्टर मॅडमना विनवत होती. "आरशात मीच मला ओळखत नाही."

फोटो धुकट आला. डॉक्टर मॅडमच्या कपाळाला आठी. "सूज परतली की काय?"

मीच म्हटलं, "नाही मॅडम, गार असलं की मशीनच असं करतं. माझाही तस्साच आलाय." दोन्ही फोटो शेजारी ठेवले. हुबेहूब! मॅडमना ऑपरेशनला जायची घाई, माझ्यावर भरवसा. गोळ्या निम्म्या केल्या. ताईने जाताना माझा गालगुच्चा घेतला. मलाही फार बरं वाटलं.

१४ मार्च
डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात. दिवसभर स्क्रीन, दुसरं काय!

१९ मार्च
ताईचा फोन. "अगं, आज स्टॉपवरची मुलगी मला दिसलीच नाही! तिच्या आईने काय काय ऐकवलं." हसत होती. मला हसू येईना. उद्या इंजिनिअर येतोय. मशीन नीट झालं की पहिला फोटो तिचाच काढायचा.

२० मार्च
इंजिनिअर सकाळी लवकरच आला. मशीन गारच होतं. त्याने आधी स्वतःच्या डोळ्याचा फोटो काढला. लख्ख! मग मी हनुवटी टेकवून बसले. धुकं.

"मशीनला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

ताईला तीनदा फोन लावला. उचलत नाही. बस चालवताना ती कधीच उचलत नाही.