मिनीनं आणलेली जलेबी

मंगळवार, संध्याकाळ

यांचं लिव्हर गेलं हे कळल्यावर सगळ्यात आधी कांचघर मोहल्ल्यातल्या नणंदबाई टपकल्या. चप्पल काढायच्या आधीच म्हणे, "वहिनी, दादा लपून पीत तर नव्हता ना?" जन्मात थेंब नाही घेतला यांनी! चरबीनंही लिव्हर जाते म्हणतात.

मग आमची नात मिनी आली नागपूरहून. डॉक्टरीणबाई! काय आनंद झाला मला. तिच्या दवाखान्यात लिव्हरच्या चरबीचं नवीन औषध रोग्यांना देऊन पाहून राहिले. आजोबांचं नाव त्यात घालते म्हणाली होती. आज हातात खोव्याची जलेबी! हीच पोरगी यांच्या हातातलं गोड ओढून घ्यायची. आता म्हणते, "खाऊ दे त्यांना, आजी."

"अन् ते औषध?"

"ते सुरुवातीच्या आजाराला आहे, आजी. आजोबांचं लिव्हर पार आकसलं."

हे मात्र खुश. "चलो, पथ्य सुटलं!" पथ्य काहून सुटलं, ते मला डॉक्टरी न शिकताही समजते. माझ्या वाटची जलेबी मी यांच्याच बशीत ठेवली.

निघताना मिनी म्हणाली, रविवारी येते. हे म्हणाले, "जलेबी आणजो." लगेच हो म्हणाली. एकदा तरी रागवायची होती यांना.

रविवारी येते म्हणाली.