मधाच्या ओझ्यांबरोबर

लुएना नदीचं रान,
काशिनाची वस्ती.
जून १९०७

आदरणीय नमाकाऊआई,

गुडघे टेकून, टाळ्या वाजवून नमस्कार. तुमच्याकडचा पूर एव्हाना उतरला असेल आणि तुम्ही टेकाडावरून खाली राजधानीत, लेआलुईला परतला असाल. गुडघे कसे आहेत? होडीत चढता-उतरताना सितवालाचा हात धरायला लाजू नका, तुमचाच मुलगा आहे. आणि सितवाला, हे पत्र आईला मोठ्याने वाचून दाखव. आपल्या मनाने ओळी गाळू नकोस. अक्षरं वाकडी आहेत, पण ती मला तूच शिकवलीस, तेव्हा हसायचं तर स्वतःला हास.

इकडे सगळे खुशाल. माझा भाऊ काशिना आता वस्तीचा मुखिया आहे. आमची आई मी पोचायच्या आधीच गेली होती, तो निरोप तुम्हाला मिळालाच. भावजय मनाने चांगली आहे, फक्त मला ‘लोझीणबाई’ म्हणून चिडवते, मी राजाच्या माणसांसारखी मासे मासे करते म्हणून. या रानात मासे कुठले? मध, अळंबी, कसावाचं पीठ, आणि शिकार मिळाली तर मांस. तुमच्या आंबट दुधाची आठवण आली की मी मुकाट्याने मधाचं बोट चाटते. तक्रार नाही हो, पण रोज खाल्ला की मधही नको होतो.

एक गंमत सांगते. मला राजाचा कर म्हणून तुमच्याकडे आणलं तेव्हा माझे दुधाचे दात पडत होते. तुमच्या घरात आमची भाषा बोलणारं कुणी नव्हतं. ती कानावर पडायची ती फक्त राजवाड्याच्या कुंपणाआडून. राजाचे ढोल वाजवणारे आमच्याच रानातले, आणि राजाची स्तुती गातात तीही आमच्याच भाषेत. तेवढीच मला उरली, तेवढीच मी लेकीला शिकवली. त्यामुळे आम्ही मायलेकी इथे आलो त्या थेट दरबारी बोलत! पहिल्याच जेवणाला इनोंगे मामाला म्हणाली, “हे पृथ्वी डोलवणाऱ्या, मिठाचं दान दे!”

अख्खी वस्ती हसून लोळली. काशिना म्हणाला, “अगं, मी साधा मध काढणारा माणूस. पृथ्वी कसली डोलवतोय, माझ्याने फांदी हलत नाही. घे बाई, मीठ घे.” तेव्हापासून पोरीचं नाव ‘राणीसरकार’ पडलं आहे.

सगळे हसत होते आणि मला मात्र एकदम उमगलं. दारात विहीर असताना तुम्ही मला रोज पहाटे राजवाड्यामागच्या पाणवठ्यावर का पाठवायचात? वर म्हणायचात, “सावकाश ये, घाई नाही.” मी तुमच्या नावाने किती बोटं मोडली असतील! वाटायचं, बाई छळते. पहाटे ढोल तिथेच वाजायचे, आई. तुम्ही मला माझी भाषा ऐकायला पाठवत होतात. नाहीतर आज सख्ख्या भावाशी मी हातवारे करून बोलले असते. हे तुम्ही कधी बोलून दाखवलं नाहीत, आणि मी इतकी वर्षं आभार मानले नाहीत. आज मानते, अगदी मनापासून.

फर्मानाच्या दिवसाचेही मानते. बाहेरच्या मुलखांतून करात आणलेली माणसं आजपासून मोकळी, असा चौकात पुकारा झाला. शेजारच्या नासिलेलेने आपल्या घरी करात आलेल्यांना पीक घरात येईपर्यंत त्याचा पत्ता लागू दिला नाही. तुम्ही चौकातून तडक चुलीपाशी आलात. धाप लागली होती. म्हणालात, “लिहोम्बो, तू मोकळी झालीस. राजाने सांगितलं. मासे करपतायत, बघ.” मी मासे उतरवले आणि मग रडायला बसले. निघताना होडी दिलीत, होडीबरोबर माणूस दिलात. असं कोण करतं?

आता मुद्द्याचं. इतका वेळ हात त्याच्याकडे वळत नव्हता, पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

सितवाला, इथे थांब आणि दारात बघ. मध घेऊन आलेल्या माणसांच्या मागे इनोंगे उभी असेल. आधी तिला पाणी दे.

आई, माणसांचा कर संपला, मधाचा नाही. ओझेकरी निघायची तयारी सुरू झाली आणि पोरगी म्हणाली, मीही जाते. आल्यापासून ती वारुळावर चढून पश्चिमेकडे बघत बसायची. दिसायची फक्त झाडं. तिचा बाप मुबिता हयात होता तोवर राजाच्या होडीचा वल्हेकरी, त्याची लेक पाण्यावाचून कशी रमणार? माझ्यासाठी ती वर्षभर इथे राहिली. रोज थोडं कमी जेवायची, रोज थोडं कमी बोलायची. मला दिसत होतं आणि मी न दिसल्यासारखं करत होते.

काशिना भडकला. “एकदा या घरातलं पोर मधाच्या ओझ्यांबरोबर तिकडे गेलं. आई मरेपर्यंत त्या वाटेला डोळे लावून बसली होती. आता तू आपल्या हाताने दुसरं पाठवतेस? कुणी मागितलेलं नसताना?”

मी म्हटलं, “कुणी मागितलेलं नाही, म्हणूनच पाठवते.”

त्याने बोलणं टाकलं. आता मात्र तिचं गाठोडं त्यानेच उचललं आहे. आत्ता तुमच्या अंगणात ते खाली ठेवणारा उंच माणूस, तोच माझा भाऊ. तोंड कडू करून उभा असेल. त्याला बसवा, आंबट दूध द्या.

खरं सांगू? माझा जीव टांगणीला लागला आहे. तुमची भीती नाही, घराच्या सवयीची आहे. रिकामा घडा दिसला की रानातल्या पोरीच्या डोक्यावर द्यायचा, ही तिथली जुनी सवय. इनोंगे नात म्हणून येते आहे. काम जरूर सांगा, आळशी आहे मेली. पण ‘नाही’ म्हणाली, तर ते ‘नाही’ ऐकून घ्या.

आणि कधी म्हणाली, “मला आईकडे जायचंय,” तर त्याच दिवशी निघू द्या. पहिल्या वर्षी हेच मी तुम्हाला रोज म्हणत होते. तुम्ही माझ्या केसांत तेल जिरवायचात आणि म्हणायचात, “झोप आता.” ते तेल मी विसरलेले नाही, आई. माझं ते म्हणणंही विसरलेले नाही.

तुमच्या हाताखाली वाढलेली
आणि इनोंगेची आई,
लिहोम्बो